हँडल कोणाच्या मापाचं?

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने डर्ट बाईकच्या हँडलवर बोलावं, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. मागच्या वेळी शरीर आणि साधन यांच्या नात्यावर बोललो, तेव्हा इथल्या मुलांनी सरळच विचारलं, 'सर, हे आमच्या गाडीला लावून दाखवा.' मागणी रास्त आहे.

शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढता-उतरता येतं, पण दुचाकीला तिथे मनाई. दुचाकीच्या वाट्याला येतात पांदण रस्ते. पावसात काळ्या मातीत चाकोऱ्या पडतात आणि उन्हाळ्यात त्याच दगडासारख्या टणक होतात. अशा वाटेवर जाणता चालक सीटवर बसून राहत नाही, फूटरेस्टवर उभा राहतो. म्हणून बसून घेतलेलं माप इथे निम्मंच खरं.

आता शोरूममधून आलेलं हँडल कोणाच्या मापाचं असतं? सरासरी माणसाच्या, असं तुम्ही म्हणाल. पण हा सरासरी माणूस राहतो कुठे? 1950 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने हजारो वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि 4063 जणांपैकी दहाही मापांत मधल्या गटात बसणारे किती, ते मोजलं. एकही निघाला नाही! म्हणजे सरासरीसाठी बेतलेलं कॉकपिट कोणालाच नीट बसणारं नव्हतं. आपल्या आयुर्वेदात यावर जुनी तोड आहे : स्वांगुल. रोग्याचं शरीर त्याच्याच बोटाच्या रुंदीने मोजायचं, वैद्याच्या नाही. हँडललाही हेच लागू करा.

आधी रुंदी. मोठ्या डर्ट बाईकचं हँडल साधारण 800 मिलिमीटरच्या आसपास असतं. जोर काढायला जमिनीवर हात टेकता ना, तसे सहज टेका आणि दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. सुरुवातीला एवढा अंदाज पुरतो. हँडल फार रुंद असेल तर पूर्ण वळवताना बाहेरचा हात ताणतो, खांदा ओढला जातो. फार अरुंद असेल तर झाडाझुडपांतून गाडी सहज निघते, पण चाकोरीतून चाक बाहेर काढायला जोर जास्त लागतो. कापायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी सारखं, एका वेळी पाच मिलिमीटर. त्याआधी मूठ, लिव्हर, स्विच सगळं आत सरकवून बसतंय का ते पाहा. कापलेलं पुन्हा जोडता येत नाही.

मग उंची. गाडी स्टँडवर घट्ट उभी करून फूटरेस्टवर उभे राहा. गुडघे किंचित वाकलेले, छाती थोडी पुढे. डोळे मिटून हात सोडा आणि ते मुठींवर कुठे पडतात ते बघा. वाकून पोचावं लागलं तर हँडल खाली आहे, सगळा भार मनगटावर येणार. नांगराचं रुमणं धरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही : उंच झालं तर खांदा भरतो, खाली गेलं तर कंबर बोलते. हँडल उंच करायला रायझर मिळतात. ते लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लचची, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, हे पाहायलाच हवं. केबल ताणली तर वळताना आपोआप रेस वाढते, आणि ते जिवावर बेतू शकतं. उगाच फार उंचही करू नका. अंग मागे जातं आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो.

तिसरी गोष्ट मागची ओढ, म्हणजे मुठी चालकाकडे किती वळल्यात ती. याकडे सहसा कोणी पाहत नाही, मला मात्र हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ओढ जास्त असली की कोपर खाली पडतात, कमी असली की वर राहतात. मनगट वाकडं राहिलं आणि तळव्यावर दाब पडत राहिला, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तिथली नस दाबली जाते. आधी हँडल क्लॅम्पमध्ये थोडं फिरवून बघा, पण त्याचा उभा भाग पुढच्या शॉकअपच्या रेषेतच ठेवा. नंतर लिव्हर खाली करा. उभं असताना कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष आली पाहिजे.

फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती याने 1945 च्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीचं उदाहरण दिलंय. काठी सवयीची झाली की ती हातात आहे हे जाणवत नाही. स्पर्श तिच्या टोकाशी सुरू होतो. हँडलचंही तसंच. जे सतत जाणवतं, ते अजून तुमचं झालेलं नाही.

इथे एक गोष्ट मला खटकते. एखाद्या मुलीचा हात लिव्हरपर्यंत पोचत नाही, तर म्हणतात, 'तुला गाडी झेपणार नाही.' लिव्हर जवळ घेण्याचा स्क्रू कित्येक गाड्यांना असतो, नसेल तर तशा सोयीचा लिव्हर बसवून घेता येतो. तिचं शरीर कमी पडलं, हा निष्कर्ष स्क्रू फिरवून पाहण्याआधीच कसा काय निघतो?

(प्रश्न : जाड हँडल घेऊ का?) मधला जाड भाग 28.6 मिलिमीटरचा असतो, साध्या हँडलचा 22.2. क्लॅम्प त्याच मापाचा लागेल. मुठीकडे मात्र दोन्ही 22.2 च असतात. आणि पडून वाकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल मिस्त्रीने सरळ करून दिलं तरी वापरू नका, नवीन घ्या.