सत्त्याची पाळी येते का?

मंडळी, आमच्या चाळीत एक गिरणी कामगार होते. मटक्याचे आकडे रोज वहीत लिहायचे. म्हणायचे, "मास्तर, वीस दिवस सत्ता आला नाही, आज लागणारच!" आणि पगारातले पैसे लावायचे.

आता चूक कुठे आहे, बघा. दहा अंकांतून एक निघतो. सलग २० वेळा सत्ता न येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. पण हा हिशेब पहिल्या दिवसाच्या आधीचा. वीस दिवस उलटून गेल्यावर आजची शक्यता पुन्हा दहात एकच. आठवण वहीला असते, पत्त्यांना नसते.

"पण सर, शेवटी सरासरी जुळतेच ना?" जुळते. मात्र मागची तूट कोणी भरून देत नाही. हजारो सोडतींत ती नगण्य ठरते, एवढंच. १९१३ साली माँटे कार्लोत रूलेवर सलग २६ वेळा काळा आला. "आता लाल येणारच" म्हणणारे बुडाले.

शिवाय खेळ प्रामाणिक धरला, तरी एका रुपयाला नऊ मिळतात. दहाही अंकांवर रुपया लावा: दहा जातात, नऊ येतात.

ती वही पुढे त्यांच्या मुलाने मला दाखवली. नोंदी बिनचूक होत्या. अनुमान तेवढं चुकलं होतं.