जमिनीचा ताप आकाशातून कसा मोजतात?



ताप मोजणे हे माझे रोजचे काम, म्हणून हा विषय निवडला. करोनाच्या काळात कपाळासमोर धरायचे तापमापक घरोघरी आले. एकदा दवाखान्यात वस्तूंचा ताप मोजायचे बटण दाबून तो मी चहाच्या चकचकीत स्टीलच्या पेल्यासमोर धरला. हाताला चटका बसत होता, आकडा मात्र खोलीतल्या हवेच्या जवळपासचा. पेल्याला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजले, तेव्हा पटण्याजोगा आकडा आला.

असे का झाले? प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकते, पण सगळ्या सारख्याच प्रमाणात टाकत नाहीत. आदर्श वस्तूच्या तुलनेत ती किती टाकते, याला उत्सर्जकता म्हणतात. त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८, मग वर्ण कोणताही असो. पाणी आणि दाट झाडी जवळपास तेवढीच. कोरडी माती व वाळू त्याहून कमी, आणि चकचकीत धातू फारच कमी. पेला स्वतःचे किरण थोडे टाकत होता आणि भिंतींचे परतवत होता.

उपग्रहापुढे हीच अडचण असते. २०१३ साली सोडलेला लँडसॅट-८ सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून, दर १६ दिवसांनी, जमिनीचे हे किरण टिपतो. वाटेत हवेतली वाफ त्यातले काही शोषते. म्हणून ११ आणि १२ मायक्रॉनच्या आसपास दोनदा मोजतात. वाफ १२ पाशी जास्त शोषते, त्यामुळे दोन आकड्यांतल्या फरकावरून तिचा हिशेब लागतो. आपल्या इन्सॅट-३डी उपग्रहावरही असे दोन पट्टे आहेत.

उत्सर्जकतेचा पेच मात्र उरतोच. पाच पट्ट्यांत मोजले तर समीकरणे पाच आणि अज्ञाते सहा: पाच उत्सर्जकता आणि एक तापमान. एक तोडगा हिरवाईचा. पाने लाल प्रकाश शोषतात आणि त्यापलीकडचा अवरक्त परतवतात. त्यावरून जमीन किती झाकलेली आहे ते कळते, आणि माती व झाडी यांच्या ज्ञात मूल्यांमधून उत्सर्जकता काढतात. तिच्यात शेकडा एक चूक झाली, तर तापमान अर्धा-पाऊण अंश चुकते.

याचा आपल्याशी संबंध काय? एप्रिल २०२२ मध्ये अहमदाबादेच्या आसपास जमिनीचे तापमान ६० अंशांवर गेल्याचे उपग्रहाने दाखवले. अनेकांनी तो आकडा हवेचा समजून एकमेकांना पाठवला. हवेचे तापमान सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मोजतात. ते चाळिशीतच होते.

उलटी चूक अधिक घातक. एखाद्या वस्तीवर नवे चकचकीत पत्रे असतील आणि गणितात मातीची उत्सर्जकता धरली असेल, तर नकाशात ती वस्ती थंड दिसेल. अशा पत्र्याखाली राहणारी माणसे वैशाखात चक्कर येऊन माझ्याकडे येतात. झाडे कुठे लावायची, छपरांना पांढरा रंग कुठे द्यायचा, हे अशा नकाशांवरून ठरवायचे असेल, तर कोणती उत्सर्जकता धरली, हे आधी विचारले पाहिजे.

तापमापकाचा आकडा पाहून मी लगेच औषध देत नाही. आधी रोग्याचा हात हातात घेतो. नकाशाच्या बाबतीतही एकदा त्या पत्र्याखाली जाऊन बसावे.