रजिस्टरात न लिहिलेला वणवा

विदर्भातल्या वणव्याची अधिकृत गोष्ट तुम्हाला पाठच असेल. १५ फेब्रुवारीला हंगाम सुरू होतो, १५ जूनला संपतो. मधल्या काळात ‘अज्ञात इसम’ जंगलाला काडी लावतो आणि शर्थीच्या प्रयत्नांनी आग आटोक्यात येते. या अज्ञात इसमाला बीटवरचा वनरक्षक नावानिशी ओळखत असतो, त्याच्या पोरीच्या लग्नात जेवलेलाही असतो. पण रजिस्टरात कारणाचा रकाना अरुंद असतो, त्यात एकच शब्द मावतो. मी दोन उन्हाळे एका परिक्षेत्रात पाहुणा म्हणून पडीक होतो. कोणत्या, ते विचारू नका; तिथं मला अजून चहा मिळतो.

टीव्हीवर परदेशातले वणवे पाहून आपण झाडांच्या शेंड्यांवर नाचणाऱ्या ज्वाळांची कल्पना करतो. आपल्या पानगळीच्या सागवानी जंगलातली आग बहुतेक वेळा जमिनीवरच्या पाचोळ्यातून सरपटते, गुडघ्याएवढी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी उतारावर, तिच्या वरच्या अंगाला उभा होतो आणि ‘एवढीच?’ म्हणालो होतो. एका म्हाताऱ्या वनमजुरानं उत्तर न देता माझं मनगट धरलं आणि आडव्या वाटेनं मला जळून गेलेल्या भागात ओढत नेलं. मागे वळून पाहिलं, तर मी उभा होतो तिथलं गवत पेटलेलं. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते, हे मला तेव्हा कळलं. ‘पळाचं असन त काळ्यात पळ,’ तो म्हणाला. काळ्यात म्हणजे आग जिथून पुढे गेली त्या जमिनीवर, तिथं जळायला काही उरलेलं नसतं. माझं सगळं प्रशिक्षण या एका वाक्यात आटोपलं. फी म्हणून बुटांचे तळवे तिथंच ठेवून आलो.

त्याच वर्षी कुणा दानशूर मंडळींनी फायर वॉचरांना टी-शर्ट वाटले. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘वणवा थांबवा’, कापड चकचकीत पॉलिएस्टरचं. ठिणगी पडली की ते कापड वितळून कातडीला चिकटतं, हे पहिल्याच आगीत दोघांना कळलं. तिसऱ्या दिवसापासून सगळे आपापल्या जुन्या सुती सदऱ्यांत. टी-शर्ट वाया मात्र गेले नाहीत. गावच्या व्हॉलीबॉल संघानं त्या वर्षी ‘वणवा थांबवा’ लिहिलेल्या गणवेशात तालुका गाजवला.

उपग्रहाचं कौतुक तुम्ही वाचलं असेल. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेनं २००४ पासून उपग्रहाच्या मदतीनं आगीचे इशारे द्यायला सुरुवात केली आणि हल्ली ते थेट मोबाइलवर येतात. आता वापरात असलेल्या एका संवेदकाची नजर साधारण ३७५ मीटरच्या चौकोनाची. त्यात उष्णता आहे एवढं कळतं. ती कसली, हे कुणीतरी मोटारसायकल हाणत जाऊन बघायचं. एकदा दुपारी असा इशारा आला. वनरक्षक पोचला, तर जंगलाच्या कडेला एक शेतकरी निवांत पऱ्हाट्या जाळत होता. त्यानं चहा पाजला. चहा होईपर्यंत बीटच्या दुसऱ्या टोकाला खराखुरा वणवा लागला. उपग्रह ठरावीक वेळी डोक्यावरून जातो, तेव्हा तो नुकताच पुढे निघून गेला होता. मचाणावरच्या पोराला धूर दिसला, पण त्याच्या वॉकी-टॉकीची बॅटरी मेलेली. शेवटी खबर आणली ती, ज्याची गुरं आदल्याच आठवड्यात कोंडवाड्यात घातली होती त्या गुराख्यानं. आग कुठं आहे हे सांगण्याआधी त्यानं दंडाचं काय, ते विचारून घेतलं.

जाळरेषेची कथा खाजगीतली. हंगामाआधी जंगलात पट्टे साफ करून, त्यातलं गवत जाळून टाकायचं, म्हणजे पुढं वणवा आला तरी त्याला ओलांडायला काही मिळू नये. हे जाळणं दव असताना, वारा पडलेला असताना करायचं. पण कामाला उशीर होतो, मजुरीची बिलं अडकतात, आणि मग कुणीतरी भर दुपारी काडी लावतं. जाळरेषेतून निसटलेल्या आगीचं कारण काय लिहितात, ते तुम्ही ओळखलंच असेल. अशीच एक आग एकदा दोन परिक्षेत्रांच्या हद्दीवर गेली. इकडचा वनरक्षक म्हणे कक्ष तुमचा, तिकडचा म्हणे तुमचा. जीपीएस काढले. दोन जीपीएसनी दोन उत्तरं दिली. तोवर आगीनं दोन्ही कक्ष घेतले आणि वाद मिटला.

आगीवरून होणारी भांडणं काही आजची नाहीत. १८६० च्या दशकात सातपुड्यातलं बोरीचं जंगल आगीपासून राखून दाखवल्याबद्दल पिअर्सन या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव झालं. पुढे १८९६ मध्ये स्लेड नावाच्या त्यांच्याच खात्यातल्या माणसानं ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये लिहिलं, की ब्रह्मदेशात आगीपासून जरा जास्तच जपणूक चालली आहे, सागाला ती मानवत नाही. मोठं वादंग झालं. हे मी मोठ्या उत्साहानं आमच्या त्या म्हाताऱ्या वनमजुराला सांगितलं. तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटण्याऐवजी पेटवून देणारे लोक त्यानं आयुष्यभर पाहिलेले. तो म्हणाला, ‘त्याले तेंदूचा ठेका होता का?’

मग ब्लोअर आले. पाठीवर यंत्र, हातात नळी, पेट्रोलवर चालणारं. आगीच्या पुढचा पाचोळा उडवून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. ओल्या फांद्यांनी आग झोडपणाऱ्या जुन्या मंडळींनी आधी नाकं मुरडली, मग कोण चालवणार यावरून भांडणं झाली. भर एप्रिलात एका संध्याकाळी डोंगर पेटला आणि ब्लोअर सापडेना. तो विश्रामगृहावर होता. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब वणवा प्रतिबंधक तयारीचा आढावा घ्यायला येणार होते, म्हणून अंगणातली पानं उडवणं चाललं होतं.

आता मोहाचं. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. खाली पाचोळ्याचा थर. त्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. वारा सुटला की झाडाखालची आग जंगलभर. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा. कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक. ही दोन्ही कलमं पुष्कळदा एकाच घरात लागू होतात.

एका रात्री आम्ही दबा धरला. तीनच्या सुमारास एक आकृती आली, खाली वाकली, काडी ओढली. आमच्यातला सगळ्यात तरुण फायर वॉचर बॅटरी मारत धावला आणि दहा पावलांवर थिजला. त्याची आई होती.

‘काहून रे, झोपला नाहीस?’ तिनं विचारलं. वनरक्षकानं कलम सांगितलं. ती म्हणाली, ‘मले पानात फूल दिसत नाही, तुमच्या कायद्याले दिसते का?’ यावर कलम नव्हतं. झाडाखाली अंथरायला जाळ्या दिल्या होत्या ना, असं त्यानं दरडावलं. दिल्या होत्या. आम्ही जाताना पाहिल्या, कोंबड्यांच्या खुराड्याला बांधलेल्या.

गुन्हा नोंदवला गेला नाही. पोरगा मात्र दुसऱ्या दिवसापासून पहाटे तीनला सरकारी ब्लोअर पाठीवर टाकून आईच्या झाडाखालचा पाचोळा उडवायला लागला. मग काकूच्या झाडाखालचा. आठवडाभरात मोहवाल्या बायांनी नंबर लावले. त्या उन्हाळ्यात त्या बाजूला एकही आग लागली नाही. पेट्रोल मात्र नेहमीपेक्षा जास्त जळलं. ते रजिस्टरात ‘जाळरेषा सफाई’ या नावाखाली लिहिलेलं आहे.