पाटस ते इंदापूर : पायांसाठी आखलेला महामार्ग

पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत ही गावे मागे टाकीत पाटसपर्यंत येतो आणि तेथे त्यास फाटा फुटतो. सरळ जाणारी सडक कुरकुंभ, भिगवण यांवरून भीमेच्या बाजूने इंदापूर गाठते. उजवीकडे वळणारी सडक रोटीचा घाट ओलांडून बारामतीस जाते व पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे घेत त्याच इंदापुरास येऊन मिळते. पहिली सडक मोटारींची. तिचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून पूर्वीचा क्रमांक ९ होता. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा तो ६५ झाला. दुसरी सडक वारकऱ्यांची. तीही आता राष्ट्रीय महामार्ग झाली असून तिला ९६५-जी हा क्रमांक आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्ग हे नाव प्राप्त झाले आहे.

रस्त्यांचे शौकीन म्हणून एक वर्ग अलीकडे तयार झाला आहे. नवा पूल कोठवर आला, वळणरस्ता केव्हा खुला होणार, पथकर किती बसणार, याची खडान्‌खडा माहिती ही मंडळी ठेवतात आणि ती परस्परांस मोठ्या उत्साहाने सांगतात. त्यांचा छंद निरुपद्रवी आहे, किंबहुना उपयुक्तही आहे. मात्र त्यांच्या चर्चेचा शेवट बहुधा एकाच प्रश्नापाशी होतो : वेळ किती वाचला? सोलापूरच्या सडकेस हा प्रश्न विचारणे योग्यच. पालखीच्या वाटेस तो लावून पाहिला, तर मोठी गंमत होते. २०२० व २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी. बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या. ज्या वाटेस एरव्ही अडीच-तीन आठवडे लागतात, ती काही तासांत सरली. वेळ वाचला, परंतु त्याबद्दल समाधान मानणारा एकही वारकरी आढळला नसता.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून प्रस्थान होते. रथापुढे व रथामागे क्रमांकाने दिंड्या चालतात; रोटीच्या घाटात रथास जादा बैलजोड्या लावाव्या लागतात; बारामतीस शारदा प्रांगणात मुक्काम पडतो; काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या घालून स्वागत होते आणि मेंढ्या रथाभोवती धावतात; बेलवाडीस गोल रिंगण होते. हे सारे जमिनीच्या ज्या चिंचोळ्या पट्टीवर घडत आले, तिचे चौपदरीकरण करावयाचे ठरले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दोन्ही पालखी मार्गांच्या कामाचा शिलान्यास झाला. ज्ञानेश्वर महाराजांचा मार्ग दिवे घाटापासून मोहोळपर्यंत सुमारे २२१ किलोमीटर, तुकाराम महाराजांचा पाटसपासून तोंडले-बोंडल्यापर्यंत सुमारे १३० किलोमीटर. दुसऱ्याचा अंदाजी खर्च सुमारे ४,४०० कोटी रुपये. या योजनेचे वैशिष्ट्य असे की, वाहनांच्या पदरांखेरीज दोन्ही कडांना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टी राखावयाची. राष्ट्रीय महामार्गाच्या आखणीत पादचारी हाच मुख्य मानला जावा, ही आपल्या देशात नवलाची गोष्ट होय.

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात सडक बांधणे हे काम दिसते तितके सोपे नव्हे. या भागात पाऊस बेताचा. पण १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला. भवानीनगर, माळेगाव येथील साखर कारखाने त्या उसाचेच. येथील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. तिच्यावर नुसती खडी अंथरून रोलर फिरविला, तर वरून कितीही डांबर ओता, दोन-तीन पावसाळ्यांत सडक लाटांसारखी उंचसखल होते. म्हणून काळी माती उपसून काढावी लागते, मुरमाचा भराव थराथराने दाबावा लागतो, आणि शेतातील चारी जेथे आडवी येते तेथे पुरेशा रुंदीची मोरी द्यावी लागते. मोरी चुकली, तर कालव्याचे पाणी भरावाशी तुंबते, एका बाजूचे शेत चिबड होते आणि दुसऱ्या बाजूचा शेतकरी कोरडा राहतो. मोटारीतून जाणाऱ्यास हे दिसत नाही. ज्याच्या बांधाला सडक लागली आहे, त्यास मात्र ते रोज दिसते.

आता पायांचा विचार. ज्येष्ठाचे ऊन या अवर्षणाच्या मुलखात प्रखर असते. पुष्कळ वारकरी अनवाणी चालतात, आणि डांबर उन्हात तापले म्हणजे त्यावर पाऊल ठरत नाही. काँक्रीट रंगाने फिके असल्यामुळे थोडे कमी तापते, पण ते कठीण. दिवसाकाठी पाच-सहा कोस चालणाऱ्याच्या टाचांस व गुडघ्यांस ते जाणवते. दाबलेला मुरूम पायांस सर्वांत सुखाचा, मात्र त्याच्या कडेने पाणी वाहून जाण्याची सोय नसेल तर पहिल्याच सरीला चिखल. एकंदरीत पाहता निचऱ्याची गटारे नीट काढून मुरूमच घालणे श्रेयस्कर.

सावलीचा प्रश्न याहून अवघड आहे. रुंदीकरण म्हटले की कडेची झाडे जातात, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी झाडेही असतात. आखणी बदलून झाड वाचविल्याचे उदाहरण आपल्याकडे नाही असे नाही. सांगली जिल्ह्यात भोसे येथील प्रचंड वड २०२० साली असाच राखला गेला. परंतु असा अपवाद क्वचित. तोडलेल्या झाडांच्या जागी रोपे लावतात, तीही बहुधा शोभेची. आणि शोभेचे झाड दुपारी बारा वाजता वारकऱ्याच्या काय कामाचे? येथे भूगोलाची एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. इंदापूरचे अक्षांश सुमारे १८. वारीच्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर, किंबहुना थोडा उत्तरेकडे असतो. साहजिकच झाडाची सावली लांब पडत नाही. ती बुंध्याभोवतीच राहते. सडकेपासून दहा-पंधरा हातांवर लावलेल्या झाडांची रांग छायाचित्रात शोभून दिसेल, पण चालणाऱ्याच्या माथ्यावर तिची छाया येणार नाही. वड, चिंच, लिंब असे पसरणारे वृक्ष पायवाटेच्या अगदी कडेस हवेत, त्यांच्या मुळांना मोकळी जमीन हवी, आणि पहिली काही वर्षे त्यांना उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस हवा. कालवा हाकेच्या अंतरावर असता हे होऊ नये, असे नाही.

दुभाजकाचेही तसेच. वाहनांच्या सुरक्षिततेस तो अवश्य पाहिजे. मात्र ज्याचे घर एका बाजूस व गोठा दुसऱ्या बाजूस, त्याची दुभाजकामुळे कुचंबणा होते. ओलांडण्याची जागा दूर असली म्हणजे तो मोटारसायकल उलट दिशेने हाकतो आणि अपघात घडतो. पोलिसांनी दंड करून ही खोड जात नाही. गाव तेथे भुयारी वाट, हाच तिच्यावरचा उपाय. शिवाय मार्ग गावाला वळसा घालून गेला, तरी पालखी वळसा घेत नाही. ती गावातूनच जाणार, कारण गाव तिची वर्षभर वाट पाहत असते. तेव्हा वळणरस्ता झाला म्हणून गावातील जुन्या रस्त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणार नाही.

पालखीच्या दिवसांत चालणाऱ्यांस परक्या मोटारींपेक्षा दिंड्यांच्या स्वतःच्याच ट्रकांची व पाण्याच्या टँकरांची अडचण अधिक होते. पुढच्या मुक्कामी स्वयंपाक वेळेवर व्हावा म्हणून ही वाहने त्याच सडकेने घाईने पुढे काढावी लागतात. स्वतंत्र पट्टीचा खरा लाभ येथेच आहे. परंतु ही गर्दी या भागात आठ-दहा दिवसांची. उरलेले वर्ष पट्टी रिकामी. मोकळी जागा आपल्याकडे फार दिवस मोकळी राहत नाही, हे सांगावयास नको. पायवाट पायांसाठी राखली गेली आहे की नाही, याची पाहणी अधिकाऱ्यांनी आषाढात करू नये; त्या वेळी सारे झाडून-लोटून स्वच्छ असते. मार्गशीर्षात यावे. गाळप ऐन भरात असते, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात, आणि कोठे नादुरुस्त ट्रॉली, कोठे चहाची टपरी, कोठे वाळत घातलेला मका, हे सारे पट्टीवर मांडलेले स्पष्ट दिसते.