वाटणी आधी की मालकी आधी?

बीदरला आलेला पाहुणा किल्ला बघतो, महमूद गावानचा १४७२चा मदरसा बघतो, अष्टूरच्या घुमटांसमोर फोटो काढतो आणि परत जातो. इतिहासाच्या प्राध्यापकाकडूनही लोकांची अपेक्षा तेवढीच असते: कोणत्या सुलतानानं काय बांधलं, ते सांगा. विचारांचा इतिहास शिकवणाऱ्याची इथं पंचाईत होते, कारण त्याच्याकडे बोट दाखवायला काहीच नसतं. पण याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणमध्ये, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका पंडितानं केलेला युक्तिवाद आजही वाटणीच्या दाव्यांत निघतो. कलबुर्गीला २००८ साली हायकोर्टाचं फिरतं आणि २०१३ साली कायमचं खंडपीठ आलं, तिथल्या वकिलांना त्या ग्रंथाचं नाव सांगावं लागत नाही. मिताक्षरा. हाच ग्रंथ हाताशी धरला, की या इतिहासकाराचं वाचन, तास आणि चर्चासत्रं कशी चालतात ते उलगडत जातं.

मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका. कर्ता विज्ञानेश्वर, काळ सहाव्या विक्रमादित्याचा (१०७६ ते ११२६). ग्रंथाच्या शेवटी कल्याण नगरीची, राजाची आणि खुद्द टीकाकाराची तोंडभरून स्तुती आहे. तेवढ्यावरून ग्रंथाचं स्थळ नि काळ पक्का होतो, म्हणून इतिहासकार ते श्लोक आधी बघतो. मग तो पहिल्या पानाकडे वळत नाही, वादाकडे वळतो.

ग्रंथ काय सांगतो यापेक्षा तो कुणाला उत्तर देतो, हे त्याला शोधायचं असतं. केंब्रिजच्या क्वेंटिन स्किनरनं १९६९च्या एका गाजलेल्या लेखात जवळपास हाच आग्रह धरला: लेखक ते वाक्य लिहून नेमकं काय करत होता, ते विचारा. आपल्याकडे पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मांडल्याशिवाय शास्त्री पुढे सरकतच नाहीत, त्यामुळे स्किनरला जे खणून काढावं लागलं त्यातलं निम्मं काम विज्ञानेश्वरानं आयतं करून ठेवलं आहे.

दायविभागाच्या, म्हणजे वारशाच्या प्रकरणाच्या, सुरुवातीला विज्ञानेश्वर प्रश्न टाकतो: वाटणी झाल्यामुळे मालकी येते, की मालकी आधीच असते म्हणून वाटणी होते? विरोधी बाजूचा मुद्दा बिनतोड वाटतो. मुलाला जन्मतःच हक्क मिळत असेल, तर मुलगा झाल्यावर बापानं अग्न्याधान, म्हणजे वैदिक अग्नीची स्थापना, करायचं कसं? त्याला पैसा लागतो, आणि पैशात तर तान्ह्या बाळाची भागी! त्याची संमती कोण घेणार? विज्ञानेश्वर डगमगत नाही. शास्त्रानं सांगितलेली कर्मं, प्रेमानं दिलेल्या भेटी, कुटुंबाचं पोषण यांसाठी जंगम मालमत्ता खर्च करायला बाप मोकळा आहे. स्थावराला मात्र मुलांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा तो निवाडा देतो. जन्मानं हक्क आहेच.

याच चर्चेत मालकी शास्त्रानं ठरते की लोकव्यवहारानं, असाही वाद आहे. विज्ञानेश्वर लोकव्यवहाराच्या बाजूचा. त्याचा एक दाखला असा: सीमेपलीकडच्या मुलखात राहणारे, शास्त्राचा गंध नसलेले लोकही खरेदी-विक्री करतातच की. म्हणजे माझं-तुझं कळायला स्मृती वाचलेली असावी लागत नाही. दरबारी पंडितानं आपल्या सिद्धांताला अडाणी समजल्या जाणाऱ्यांची साक्ष काढावी, हे मला साऱ्या ग्रंथातलं सर्वांत धीट वाक्य वाटतं.

यापुढचा टप्पा म्हणजे ग्रंथाचा प्रवास. बंगालात जीमूतवाहनाच्या दायभागानं उलट भूमिका घेतली: बापाचा हक्क संपल्यावरच मुलाचा सुरू. १८१० साली इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुकनं दोन्ही मतांचं इंग्रजी भाषांतर छापलं, पण मिताक्षरेच्या आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त या तीन अध्यायांतून त्यानं उचललं ते वारशाचं प्रकरण. ईस्ट इंडिया कंपनीच्या कोर्टांना तेवढंच हवं होतं. भांडणातली एक बाजू अशी कायद्याचं पुस्तक होऊन बसली. पूर्वपक्ष चर्चेपुरते उरले, कोर्टात निष्कर्ष चालू लागले. विचारांच्या इतिहासकाराला खरा रस इथं असतो: शब्द तेच, काम बदललेलं.

आता तास. गुलबर्गा विद्यापीठ १९८०चं, कडगंचीचं केंद्रीय विद्यापीठ २००९चं. शिवाय भालकी, औराद, बसवकल्याणची कॉलेजं. वर्गात घरी मराठी, कन्नड, दखनी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. १९५६ला बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर तालुके राज्याच्या सीमेपलीकडे गेले आणि सोयरीक दोन्हीकडे राहिली, त्याचा हा परिणाम. इथं स्किनरपासून सुरुवात केली तर वर्ग पेंगतो. फळ्यावर वाटणीचा प्रश्न लिहिला की जागा होतो, कारण पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, आजोबांचं नाव अजून तसंच आहे आणि काकाशी बोलणं बंद आहे, असं एखादं तरी घर असतंच. "सर, बाप जिवंत असताना जमीन पोराची कशी काय?" हा जीमूतवाहनाचा पक्ष, विचारणाऱ्याला तो ठाऊक नसतो इतकंच. शिक्षकानं इथं उत्तर देऊ नये. वर्गाचे दोन गट करावेत आणि प्रत्येकाला समोरच्याचा पूर्वपक्ष मांडायला लावावा.

मग मागच्या बाकावरून हमखास येतं, "आणि बहिणीचं काय?" मिताक्षरेत वेगळ्या झालेल्या निपुत्रिकाच्या विधवेला वारसा आहे, पण जन्मसिद्ध हक्क मुलग्यांचा. तो मुलींना देणारी दुरुस्ती कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनीही १९९४ साली केली, केंद्रानं २००५ साली; आणि ही दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ला बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. गंमत अशी, की दुरुस्तीनं विज्ञानेश्वराचं तत्त्व मोडलं नाही. जन्मानं हक्क हे तसंच ठेवून त्यात कोण मोडतं तेवढं बदललं.

अशा तासांतून निबंधाचा विषय सुटतो. समजा विषय घेतला, सीमेपलीकडच्या लोकांचा तो दाखला. आधी गोषवारा धाडायचा, तो स्वीकारला गेला की निबंध. इंडियन हिस्टरी काँग्रेस बहुधा डिसेंबरअखेरीस भरते, प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक अशा विभागांची सत्रं एकाच वेळी चालतात. वाचायला मिळतात दहा-पंधरा मिनिटं, त्यात अध्यक्षांची चिठ्ठी लवकरच येते. वीस पानांचा निबंध वाचायला घेणारा तिसऱ्या पानावर अडकतो. जाणता माणूस एक दाखला, एक वाद, एक निष्कर्ष एवढंच बोलतो. १९१९ला पुण्यात सुरू झालेल्या प्राच्यविद्या परिषदेत तोच निबंध वाचला तर श्रोते निराळे: तिथले संस्कृतज्ञ एका समासावरून अडवतात, वकील असलाच तर निवाडा विचारतो.

चर्चासत्रांना नावं ठेवणं सोपं आहे. २०१०पासून बढतीसाठी गुण मोजायला लागल्यावर प्रमाणपत्रापुरते येणारे वाढले, आणि समारोपाच्या सत्राला खुर्च्या रिकाम्या राहतात. पण महामहोपाध्याय काण्यांनीही परिषदा टाळल्या नाहीत. १९४८ला पॅरिस, १९५१ला इस्तंबूल, १९५४ला केंब्रिज अशा आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषदांना ते गेले, १९५३ला वॉल्टेअरच्या हिस्टरी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. व्यवहारमयूख या धर्मशास्त्रग्रंथाच्या प्रस्तावनेपुरतं म्हणून काढलेलं त्यांचं टाचण धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड होऊन १९३० ते १९६२ असं छापत गेलं. परिषदांना जाणं हा त्या टेबलावरच्या कामाचा जोडधंदा होता.

निबंधाचं खरं भवितव्य वाचनानंतरच्या चहाला ठरतं. मिताक्षरेवर बोलणाऱ्याला तिथं नक्की गाठणारा प्रश्न पुराभिलेखवाल्यांचा असतो: विज्ञानेश्वर म्हणतो ते ठीक, पण कल्याणच्या आसपास कुणी तसं वागत होतं का? चालुक्यकालीन दानलेखांत जमीन देताना मुलांची संमती नोंदली आहे का? याला पोथीत उत्तर नाही. त्यासाठी पी. बी. देसाईंनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला हैदराबाद राज्यातल्या कन्नड जिल्ह्यांच्या शिलालेखांचा संग्रह उघडावा लागतो, आणि तो हळेगन्नड, म्हणजे जुनं कन्नड, येणाऱ्या सहकाऱ्याला शेजारी बसवूनच वाचावा लागतो. निबंध छापायला द्यायची मुदत तोवर टळलेली असते. ती टळू द्यावी.