म्हाताऱ्या ताऱ्यांचे देणे

मार्गशीर्षातल्या एखाद्या निरभ्र रात्री आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहावे. कृत्तिकांच्या पुंजक्यामागोमाग एक ठळक, तांबूस तारा वर आलेला दिसतो. ही रोहिणी. बाळाची पत्रिका मांडताना, लग्नाचा मुहूर्त काढताना जिचे नाव घरोघरी निघते, ती चंद्राची लाडकी राणी प्रत्यक्षात उतारवयाला लागलेली आहे. तिचा तो तांबूस रंग तारुण्याचा नव्हे, वार्धक्याचा आहे. वस्तुमानाने ती सूर्याहून फारशी मोठी नाही, पण तिचा व्यास सूर्याच्या चाळीस पटींहून अधिक आहे! म्हातारपणी माणूस आकसतो, तारे मात्र फुगतात. असे का व्हावे?

इंधन सरते तेव्हा

ताऱ्याचे सारे आयुष्य म्हणजे एक रस्सीखेच असते. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढत असते, तर गाभ्यातल्या प्रचंड उष्णतेचा दाब बाहेर ढकलत असतो. ही उष्णता हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होताना मिळते. आपला सूर्य गेली सुमारे 460 कोटी वर्षे याच इंधनावर तग धरून आहे आणि आणखी 500 कोटी वर्षे तरी त्याला ते पुरेल.

पण शिल्लक कितीही मोठी असली, तरी कधीतरी संपतेच. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसू लागतो आणि आकसता आकसता अधिकच तापतो. त्या धगीने भोवतालच्या थरातला हायड्रोजन पूर्वीपेक्षाही जोमाने जळू लागतो आणि ताऱ्याचे बाहेरचे थर फुगत जातात. पसरल्यामुळे पृष्ठभाग निवतो आणि निवत्या लोखंडासारखा तांबडा दिसू लागतो. शास्त्रज्ञ अशा ताऱ्याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात.

इकडे गाभ्याचे तापमान सुमारे 10 कोटी अंशांवर पोचते. तेव्हा तोवर राखेसारखा साठलेला हेलियमच पेट घेतो. हेलियमचे तीन अणुगर्भ एकत्र येऊन कार्बन तयार होतो. हे घडते कसे, हे कोडे अनेक वर्षे सुटत नव्हते. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी सांगितले, की कार्बनच्या अणुगर्भाला ऊर्जेची एक विशिष्ट पातळी असलीच पाहिजे, नाहीतर विश्वात एवढा कार्बन दिसलाच नसता. 1953 मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत ती पातळी खरोखरच सापडली. हे हॉईल म्हणजे आपल्या डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

मीरेची धडधड

पुढे हेलियमही सरतो आणि तारा दुसऱ्यांदा फुगतो. या अखेरच्या पर्वातला सर्वांत प्रसिद्ध तारा म्हणजे तिमिंगल तारकासमूहातली मीरा. या नावाचा संत मीराबाईंशी संबंध नाही. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘आश्चर्यकारक’ असा आहे. डेव्हिड फॅब्रिशियस या धर्मोपदेशकाने 1596 मध्ये हा तारा पाहिला. काही आठवड्यांनी तो दिसेनासा झाला आणि 1609 मध्ये त्यांना पुन्हा दिसला. सुमारे 332 दिवसांच्या अंतराने मीरा तेजस्वी होते आणि मग इतकी मंदावते, की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हाताऱ्या ताऱ्याच्या छातीची ही धडधडच म्हणा ना!

या धडधडीबरोबर ताऱ्याचे बाहेरचे थर सैल होऊन अवकाशात उडून जातात. 2007 मध्ये एका कृत्रिम उपग्रहावरील दुर्बिणीने मीरेमागे धूमकेतूसारखे शेपूट टिपले. त्याची लांबी 13 प्रकाशवर्षे भरली. गेल्या सुमारे 30 हजार वर्षांत तिने सोडलेले द्रव्य त्यात आहे.

शेवटी उरतो तो पृथ्वीएवढा, अतिशय घन असा गाभा. हा श्वेतबटू तारा. त्यात नवे इंधन जळत नाही. चूल विझल्यावर तवा निवत जावा, तसा तो अब्जावधी वर्षे निवत राहतो.

आपले काय?

आपल्या सूर्यालाही हे सारे चुकलेले नाही. तो फुगेल तेव्हा बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील. पृथ्वीही जाईल की थोडक्यात बचावेल, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण बचावली तरी त्याला फारसा अर्थ राहणार नाही. सूर्य हळूहळू प्रखर होत चालला आहे आणि साधारण 100 कोटी वर्षांतच इथले समुद्र आटू लागतील, असा अंदाज आहे. अर्थात त्यासाठी आज कोणी झोप उडवून घेण्याचे कारण नाही!

पण या कहाणीला दुसरी बाजू आहे. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ एक अशनी कोसळला. त्यात सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण मिळाले. ते म्हाताऱ्या ताऱ्यांनी उधळलेल्या धुळीचे होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांतले काही कण 500 ते 700 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे सूर्याच्याही आधीचे आहेत.

अशाच धुळीतून आणि वायूतून पुढे सूर्य, पृथ्वी आणि आपण घडलो. ताटातली पोळी, चुलीतला कोळसा, हातातला हा कागद आणि तो धरणारा हात, या सर्वांत कार्बन आहे. त्यातला मोठा वाटा कुठल्या ना कुठल्या म्हाताऱ्या ताऱ्याने जाता जाता वाटून टाकलेला आहे. घरातली आजी जपून ठेवलेले दागिने नातवंडांच्या हाती देते, तसेच हे.

पुढच्या वेळी रोहिणी दिसली, की मुलांना एवढे जरूर सांगा.