कॅज्युअल्टीतला पहिला प्रश्न

मन, कायदा आणि शुश्रूषा : भाग ५

गेल्या आठवड्यात मनोविकार वॉर्डातली भरती आणि रुग्णाची संमती हा विषय घेतला होता. आज त्या वॉर्डाच्या आधीची जागा पाहू : कॅज्युअल्टी.

फवारणीचे औषध प्यायलेला माणूस नांदेड-लातूरच्या सरकारी दवाखान्यांना नवा नाही. मुखेड, कंधार किंवा निलंग्याहून रेफर होऊन गाडी विष्णुपुरीला नाहीतर लातूरच्या शासकीय रुग्णालयात येते आणि स्ट्रेचर आत घेता घेताच नातेवाईक सांगू लागतात, ‘‘चुकून पिलं हो सिस्टर.’’ या वाक्यामागे पोलिसांची धास्ती असते.

ती धास्ती जुनी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ३०९ आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवत होते. शिक्षा एक वर्षापर्यंत. १९८६ मध्ये मुंबई पोलिस दलातल्या एका मनोरुग्ण शिपायाच्या प्रकरणात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. १९९६ मध्ये घटनापीठाने मात्र कलम पुन्हा उभे केले. खरा बदल झाला तो २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने. कलम ११५ म्हणते, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचे. त्याच्यावर खटला चालवायचा नाही. त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर कलम ३०९ उरलेलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे.

एमएलसीची नोंद मात्र आजही होते आणि ती व्हायलाच हवी. कुणी बळजबरीने पाजले का, सासरी छळ होता का, हे त्यातूनच पुढे येते. नातेवाइकांना सिस्टरने इतके सांगितले तरी पुरे : ‘‘काका, ही नोंद केस करायला नाही. काय पिलं, किती पिलं, खरं सांगा. उपचार त्यावर ठरतात.’’ जमल्यास डबा किंवा बाटली मागवून घ्यावी.

आता खाटेजवळ या. कीटकनाशकावर अॅट्रोपिन सुरू असते. त्याची मात्रा चढली की रुग्ण भ्रमात जातो, हवेत हात मारतो, सलाईन उपसतो. अशा वेळी रोलर बँडेजने हात खाटेला बांधले जातात. मनोविकार विभागासाठी कायद्याच्या कलम ९७ ने बांधण्यावर अटी घातल्या आहेत : समोर उभा ठाकलेला धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या आदेशाने, गरजेपुरता वेळ; शिक्षा म्हणून कधीच नाही आणि माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. हीच कसोटी कॅज्युअल्टीतही लावली पाहिजे. बांधले तर कारण आणि वेळ लिहा, बोटांचा रंग आणि ऊब तपासत राहा, भ्रम ओसरताच सोडा. भ्रमात असलेल्या रुग्णाचा जबाब होऊ देऊ नका; तो जबाब द्यायच्या स्थितीत आहे, हे आधी डॉक्टरांनी लिहून द्यायचे असते.

रुग्ण शुद्धीवर आला की खरे काम सुरू होते. पडदा ओढून, नातेवाइकांना जरा बाजूला बसवून सरळ विचारायचे : ‘‘मामा, अजून जीव द्यावा वाटतोय का?’’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस बोलता होतो. उत्तर ‘हो’ आले तर ते गुपित ठेवायचे नाही. ‘‘हे मी डॉक्टरांना सांगणार आहे, तुमच्या जिवासाठी,’’ असे त्यालाच सांगून पुढे कळवायचे. जिवाचा धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढे सांगण्याची मुभा कायद्याची गोपनीयताही देते. खाट डोळ्यांसमोरची द्यावी, ब्लेड-ओढणी-औषधे हाताशी नसावीत, आणि ड्युटी बदलताना हे तोंडी आणि लेखी दोन्ही कळवावे.

घात होतो तो डिस्चार्जला. विष उतरले की घरचे सही देऊन नेण्याची घाई करतात आणि मनोविकारतज्ज्ञांची भेट राहून जाते. पोट धुतले, पण कर्ज, नापिकी, दारू, घरातला ताण जिथल्या तिथे राहिला. म्हणून मनोविकार ओपीडीची तारीख कागदावर हवी, घरातली फवारणीची औषधे कुलपात गेली पाहिजेत, आणि गावच्या आशाताईंना, रुग्णाच्या संमतीने, कळवायला हवे. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांसाठी २०१५ पासून राबवलेला ‘प्रेरणा प्रकल्प’ अशाच पाठपुराव्यासाठी होता. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र सुरू असतो, तो घरच्यांच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून द्यावा.

रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती खाटा असतात, ते ठाऊक असूनही हे लिहितो आहे. संसदेने कलम ११५ लिहून या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले. कॅज्युअल्टीत त्याच्यावर कुणी ‘पोराबाळांचा तरी विचार करायचा’ म्हणून ओरडले, की तो पुन्हा आरोपी होतो. पुरेशा परिचारिका देणे हे सरकारचे काम आहे आणि ते आपण मागत राहिले पाहिजे. पहिले वाक्य कोणते बोलायचे, हे मात्र आजच्या ड्युटीपासून आपल्या हातात आहे.

(पुढील आठवड्यात : आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी)